हैदराबाद ते जेद्दा, सव्वातीन तास

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. त्यामुळे गल्लीतल्या लोकांचा एक गैरसमज झाला आहे, की मला सगळं माहीत असतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर गोळी जेवणाआधी लिहिली आहे की नंतर, लाइट बिल का वाढलं, मोबाईलवर आलेला मेसेज खरा की फसवा, हे सगळं माझ्याकडे येतं. मी हिंगोलीच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. करते, पहिल्याच वर्षाला आहे. "मला माहीत नाही" असं म्हणायला एक धीर लागतो आणि तो माझ्यात कमी आहे. समोरचा माणूस एवढ्या विश्वासानं विचारतो, की काहीतरी सांगावंच लागतं.

असंच एकदा मी चाचीला सव्वातीन तास सांगून बसले.

चाची म्हणजे आमच्या शेजारच्या. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. त्यांचा बांगड्यांचा धंदा आहे. गोरेगावचा बाजार, सेनगावचा बाजार, शिवाय कोणाच्या घरी लग्न निघालं की तिथं बोलावणं. मांडी घालून बसल्या की बसल्या. समोरच्या बाईचा पंजा हातात धरून असा दाबतात, की बांगडी कधी चढली ते कळत नाही. माझ्या आईच्या, माझ्या, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या मनगटाचं माप त्यांना तोंडपाठ आहे. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता मुलगा जेद्दाला एसी दुरुस्तीच्या कामावर आहे. चाचीच्या मनात फार दिवसांपासून उमऱ्याला जायचं होतं. मक्का-मदिना बघायची आणि जमलं तर लेकाच्या हातचा चहा प्यायचा, एवढंच.

हिंगोलीला त्यांचे थोरले भाऊ असतात. ते आणि भावजय एका टूरबरोबर निघाले होते आणि चाचीलाही चल म्हणत होते. भावानं टूरवाल्याचा छापील कागद पाठवला. हैदराबादहून निघणार सकाळी दहा वीस, जेद्दाला पोचणार दुपारी एक पस्तीस. चाची तो कागद घेऊन आमच्या ओसरीवर आल्या.

"बेटा, हे जरा बघून सांग. विमानात किती वेळ बसावं लागतं?"

"तुमच्या लेकानं सांगितलं असंल की."

"तो काय सांगतो? अम्मी, बसलीस की पोचलीस, म्हणतो. लहानपणी शाळेतून येताना पण असंच म्हणायचा, आलोच. तू बराबर सांग."

मी आधी मोबाईलवर अंतर बघितलं. चार हजार किलोमीटरच्या थोडं वर. तो आकडा मोठ्यानं वाचल्यावर माझे बाबा हातातलं काम सोडून जवळ आले. बाबा गवंडीकाम करतात. पुढं मी वेळ काढला तो कागदावरून. छापील कागदावर माझा विश्वास जास्त. एसटीच्या वेळापत्रकाला जसं करतो तसंच केलं, पोचायच्या वेळेतून सुटायची वेळ वजा केली.

"सव्वातीन तास, चाची."

चाचीनं डोळे मिटून मनाशी काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "सेनगावचा बाजार याच्या दुप्पट असतो. तेवढं निभंल."

बाबांना वेगळीच शंका होती. आमच्याकडे हिंगोली किती लांब आहे असं विचारलं तर कोणी किलोमीटर सांगत नाही. जीप लगेच भरली तर सव्वा तास, नाही भरली तर दोन, असं सांगतात. सीट भरल्याशिवाय जीप हलत नाही आणि भरली असं ड्रायव्हरला वाटतं तेव्हा आम्हाला श्वास घ्यायला जागा उरलेली नसते.

"यात भरायचा टाइम धरला का?" बाबांनी विचारलं.

"बाबा, विमान टायमावर निघतं."

"रिकामं असलं तरी?"

"व्हय."

"मग त्याला परवडतं कसं?" बाबा म्हणाले. चाची हसल्या. "भाऊ, मागं लटकायला कोणी मिळत न्हाई ना वर, म्हणून टायमावर निघत असंल." त्याच संध्याकाळी त्यांनी भावाला फोन करून हो कळवलं. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "शिकलेलं लेकरू घराजवळ असलं की असं बरं असतं."

ते वाक्य मला पुढं फार टोचलं.

तीन आठवड्यांनी आमच्या भूगोलाच्या सरांनी फळ्यावर साडेब्याऐंशी लिहिलं. भारताची प्रमाणवेळ. एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं. सर म्हणाले, "पश्चिमेकडे जाल तसं घड्याळ मागं. सौदीची वेळ पंचेचाळीस रेखांशावरची. आता फरक काढा." सगळे वहीत मांडायला लागले. साडेसदतीस गुणिले चार, दीडशे मिनिटं. अडीच तास.

माझा पेन तिथंच थांबला. हे मी शाळेत शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण मार्क पडले होते. पण ते रेखांश पुस्तकातले होते आणि चाचीचा कागद ओसरीवरचा होता. दोन्ही एकाच जगातले आहेत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कागदावर सुटायची वेळ इथली होती आणि पोचायची तिथली. सव्वातीन अधिक अडीच. पावणेसहा तास. वहीच्या मागच्या पानावर मी चार हजाराला सव्वातीननं भागून बघितलं. माझ्या हिशेबाचं विमान ताशी सव्वाबाराशे किलोमीटरनं पळत होतं. असं विमान त्या टूरवाल्याकडे नक्कीच नव्हतं.

दोन दिवस मी चाचीच्या दारासमोरून मान खाली घालून गेले. जायला दहा दिवस उरले होते. पांढरी सुती वस्त्रं शिवून झाली होती, गल्लीतल्या बायका "आमच्यासाठी दुआ मागा" म्हणून भेटून जात होत्या. एकदा वाटलं, गप्प बसावं. विमानात बसल्यावर काय, तीन तास झाले म्हणून कोणी खाली उतरतं थोडंच? पण त्यांनी हो म्हटलं होतं ते माझ्या आकड्यावर. तिसऱ्या दिवशी कॉलेजातून आले ती सरळ त्यांच्याकडे गेले. त्या बांगड्या रंगाप्रमाणं लावत होत्या.

"चाची, माझं चुकलं."

"काय फोडलं?"

"फोडलं न्हाई काही. विमानाला सव्वातीन न्हाई, पावणेसहा तास लागतात. तिथलं घड्याळ आपल्याहून अडीच तास मागं असतं. माझ्या ध्यानात नव्हतं आलं."

त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या हातातच राहिल्या. मला वाटलं त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मग भाईजानला सांगते. माझं जमत न्हाई."

"काहून? चाची, तुमी सेनगावच्या बाजारात सात-सात तास बसता की एका जागी!"

"बसायचं कोण बोलून राहिलं?"

"मग?"

त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर कोणी नव्हतं. तरी आवाज खाली आणला.

"पाण्याचं बोलून राहिले मी."

मला तेव्हाही कळायला एक क्षण लागला, आणि खरं तर मलाच सगळ्यात आधी कळायला हवं होतं. बाजाराच्या दिवशी चाची सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. बाजारात बायकांना जायला जागा नाही. घरी आल्या की दारातच तांब्या तोंडाला लावतात. माझी आई लग्नाला निघाली की तेच करते. मी कॉलेजला जाताना तेच करते. जीप कुठं थांबेल, किती वेळ थांबेल, काही सांगता येत नाही, म्हणून सकाळी चहासुद्धा अर्धाच. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही आणि याविषयी कोणी बोलतही नाही. आम्ही फक्त प्रवास किती तासांचा आहे ते विचारतो.

चाचीला मागच्या वर्षी मुतखड्याचा त्रास झाला होता. हिंगोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी भरपूर प्या, तासातासाला प्या. बाजाराच्या दिवशी त्या कशाबशा निभावून नेत होत्या. विमानतळावर तीन तास आधी जावं लागतं हे भावानं सांगितलेलं. त्यात विमानाचे सव्वातीन. तेवढं न पिता निघंल, असा त्यांचा हिशेब. पावणेसहा मात्र त्यात बसत नव्हते.

"आणि तिथं उतरल्या उतरल्या दुखायला लागलं तर?" त्या म्हणाल्या. "अल्लाच्या घरी जायचं आणि दवाखान्यात पडायचं? लेकाला तकलीफ, भाईजानला तकलीफ. त्यापेक्षा इथं बरी."

"पण चाची, विमानात संडास असतो."

"हवेत?"

"व्हय."

"रेल्वेत असतो ते मला माहीत आहे. रेल्वेच्या खाली रूळ असतात." त्यांनी वर बोट दाखवलं. "याच्या खाली काय असतं? माणसंच ना? कोणाच्या शेतात पडायचं, कोणाच्या वाळवणावर…"

मला हसू आलं, पण पुरतं हसता आलं नाही. कारण खाली काय होतं ते मलाही माहीत नव्हतं. विमान मी आकाशातच बघितलेलं, तेही बारीक, मागं पांढरी रेघ सोडत जाणारं. मोबाईलवर एक व्हिडिओ शोधून दाखवला. त्यात एक बाई विमानातलं छोटं दार उघडून आतलं दाखवत होती. चाचीनं नीट बघितला.

"मोबाईलमध्ये तर माणूस सिंहाच्या पाठीवर बसलेला पण दाखवतात. तू बघितलंस का स्वतः?"

"न्हाई."

मग मीच म्हटलं, "तुमच्या लेकाला विचारू का?"

चाचीनं कपाळावर हात मारला. "आईनं लेकाला हे विचारायचं? आणि भावजयीला सांगितलं तर तिच्या माहेरापर्यंत जाईल. तू सुद्धा गावात कोणाला बोलू नको." मग म्हणाल्या, "गावाबाहेरची कोणी जाऊन आलेली बाई असंल तर सांग. दोन दिवस थांबते. मग भाईजानला फोन लावते."

असे दोन दिवस माझ्या हातात होते. गावाबाहेर माझ्या ओळखीत विमानात बसलेली बाई एकही नव्हती. गावात हजला जाऊन आलेल्या होत्या, पण त्यांच्याकडे जायला चाचीनंच मनाई केलेली. कॉलेजात भूगोलाचे सर होते. मी त्यांच्या टेबलाजवळ गेले.

"सर, तुमी विमानानं गेला आहात का?"

"नाही. का?"

"सर, विमानात… सोय असते का?"

"कसली सोय?"

"सोय, सर."

"जेवणाची? असते म्हणतात."

"न्हाई सर. दुसरी."

सरांचे कान लाल झाले, माझे आधीच झाले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे तू ग्रंथालयात विचार. तिथल्या मॅडम मागच्या वर्षी बहिणीकडे दुबईला जाऊन आल्या आहेत."

ग्रंथालयातल्या मॅडम कडक आहेत. पुस्तक उशिरा दिलं की बोलत नाहीत, नुसतं बघतात. मी दोनदा आत गेले आणि दोनदा उगाच एक पुस्तक घेऊन बाहेर आले. तिसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "तुला काय हवंय नेमकं?" मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. चाचीचं, मुतखड्याचं, पावणेसहा तासांचं, खालच्या वाळवणाचं.

मॅडम वाळवणावर हसल्या. आवाज न करता, पण खांदे हलले. मग त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. "बस आणि लिहून घे."

मी वहीत लिहून घेतलं. काही खाली पडत नाही, विमानातच एका टाकीत जमा होतं, विमान उतरल्यावर ती रिकामी करतात. दाराला मधोमध घडी असते, तिथंच ढकलायचं. आत गेल्यावर कडी सरकवली की दिवा नीट लागतो. पाणी सोडायचं बटण दाबलं की मोठा आवाज येतो, घाबरायचं नाही. पट्टा बांधायचा दिवा लागलेला असताना उठायचं नाही, तेवढा धीर धरायचा. आणि जागा मधल्या वाटेकडची मागून घ्यायची, म्हणजे दर वेळी कोणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत.

"आणि पाणी मागितलं की देतात," मॅडम म्हणाल्या. "त्यांना सांग, मागायला लाजू नका." मग म्हणाल्या, "मी पण जाताना पाणी प्याले नव्हते. तीन तास तशीच बसले. मग शेजारची बाई उठून गेली तेव्हा समजलं. आता रोज वसमतहून येते तेव्हाही… जाऊ दे." त्यांनी रजिस्टर पुढं ओढलं. मी उठले. जाताना त्यांनी मी उगाच घेतलेली दोन्ही पुस्तकं परत मागून घेतली.

घरी येऊन मी चाचीला वही वाचून दाखवली. त्यांनी सगळं दोनदा वाचायला लावलं. पहिला प्रश्न विचारला, "ती मॅडम स्वतः गेली होती? आत?"

"व्हय. स्वतः."

"टाकी आहे म्हणाली?"

"टाकी आहे."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. जणू इतके दिवस त्यांना खालच्या माणसांचीच काळजी होती. कदाचित ती थोडी खरीही असेल. भाईजानला फोन गेला, पण वेगळाच. "भाईजान, मला वाटेकडची सीट पाहिजे. काहून म्हणजे काय? पाय आखडतात माझे."

पुढचा आठवडाभर आमची तालीम चालली. माझ्या आईला सगळं सांगावंच लागलं, कारण घडीच्या दारासाठी आमचं जुनं लोखंडी कपाट रिकामं केलं होतं. त्याला घडी नव्हती, पण चाची मधोमध ढकलून बघायच्या आणि आई बाहेरून ओरडायची, "पट्ट्याचा दिवा लागला! बसा खाली!" बाबा एकदा कामावरून लवकर आले. कपाटातून चाची बाहेर येताना बघून ते आल्या पावली परत बाहेर गेले. आजवर त्यांनी त्याविषयी विचारलेलं नाही.

निघायच्या दिवशी अर्धी गल्ली जीपपर्यंत गेली. हिंगोलीहून रेल्वेनं हैदराबाद, तिथून विमान. चाचीनं जाताना माझा हात हातात घेतला, सवयीनं पंजा दाबला. त्यांचं घड्याळ त्यांनी मला दाखवलं. "मी हे मागं करणार न्हाई. इकडचाच टाइम ठेवते. तुझा हिशेब तपासून बघते." त्या हसत होत्या. मी हसले नाही. एकदा चुकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बरोबर असण्याची खात्री वाटत नाही. टाकीचं मॅडमनी सांगितलं होतं, पण पावणेसहा माझे होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात घड्याळच बघत बसले. दहा वीसला विमान उठलं असेल. एक पस्तीसला, म्हणजे माझ्या पहिल्या हिशेबानं त्या पोचायच्या वेळी, त्या समुद्रावर कुठंतरी असतील. चार वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे दुसऱ्या हिशेबानं त्या पोचायच्या वेळी, मी जीपमध्ये होते, मागच्या सीटवर, खिडकीशी दाबलेली. चाचीचा फोन आला नव्हता. साडेपाचला घरी पोचले तरी नव्हता. आईनं भाकरी टाकायला घेतल्या तेव्हा चाचीच्या लेकाचा व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावर चाची दिसल्या. मागं लेक उभा होता, त्याच्या हातात चहाचा कप.

"दुखलं का काही?" मी आधी तेच विचारलं.

"काही न्हाई दुखलं. चार गिलास पाणी प्याले." त्यांनी मागं बघितलं, लेकाला म्हणाल्या, "जा रे, साखर आण." तो गेल्यावर तोंड फोनजवळ आणलं. आता पडद्यावर नुसतं नाक आणि एक डोळा. "तीन बार गेले. पहिल्या बार तर लागली पण नव्हती, नुसती बघायला गेले. दार तुझ्या कपाटापेक्षा हलकं आहे. आवाज मात्र मोठा, मॅडमला सांग, तिनं कमी सांगितला."

"आणि मामी?"

"भावजय? ती बसली होती तोंड बारीक करून. तिसऱ्या तासाला मीच हाताला धरून उठवलं. म्हटलं, चल, मी दाखवते." चाचीच्या आवाजात असा रुबाब मी पहिल्यांदा ऐकला. "मागून येताना आणखी दोघीजणी विचारायला लागल्या, बहेन, किधर है. मी सगळ्यांना बराबर सांगितलं."

आई चुलीपासून हसायला लागली. मी हळूच विचारलं, "घड्याळात किती तास झाले, चाची?"

"पावणेसहाला पाच मिनिटं कमी." त्यांनी मनगट पुढं केलं. घड्याळ अजून आपल्याच वेळेवर होतं. "पास झालीस. आणि ऐक. तू रोज सकाळी कोरडी निघतेस, मला दिसतं भिंतीपलीकडून. पाणी पीत जा, बेटा. तुझी जीप काय चार हजार किलोमीटर न्हाई जात."

लेक साखर घेऊन आला आणि त्या पुन्हा सरळ बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना तांब्या उचलला. अर्धा प्याले. पूर्ण पिण्याइतका धीर अजून नाही, हे खरं आहे. एक बाटली भरून पिशवीत ठेवली. स्टँडवर जीप उभी होती, तीन सीट भरायच्या बाकी होत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी ड्रायव्हरकाकांना विचारलं, "काका, किती वेळ आहे?"

"आता निघतोच."

"न्हाई, बराबर सांगा."

त्यांनी आश्चर्यानं बघितलं. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि म्हणाले, "पंधरा मिनिटं तर लागतेतच."

मी खाली उतरले, पिशवी सीटवर ठेवली आणि स्टँडसमोर माझी मैत्रीण राहते तिच्या घराकडे चालायला लागले. "सीट धरून ठेवा," मी मागं वळून ओरडले, "आलेच!"